रविवारी सकाळी आमच्याबरोबर चालायला-धावायला यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला आमचा गट दर रविवारी पहाटे गावांच्या पायवाटांवर चालतो आणि धावतो. खालचे सगळे प्रश्न लोकांनी खरोखर विचारलेले आहेत. काही फोनवर आले, काही फेरीबोटीत, काही देवळाच्या पायरीवर बुटांच्या नाड्या सोडताना. पहिल्यांदा येणार असाल तर १ ते ६ वाचलेत तरी पुरे. जंगलाकडच्या वाटेवर यायचं असेल, तर मात्र ११ ते १६ वाचल्याशिवाय येऊ नका.

१. मी आयुष्यात कधी धावलो नाही. आलो तर चालेल का?

चालेल. गटात दोन टोळ्या असतात, चालणारी आणि धावणारी. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागेवरून निघतात. वाट बहुधा तीच असते, धावणारे फक्त पुढे जाऊन परत येतात. पहिले चार रविवार नुसतं चाला, असा माझा आग्रह असतो. पाय वाटेला सरावतात, घोटे बळकट होतात आणि कुठला उतार कसा आहे हे डोळ्यांना कळतं. चालणं ही धावण्याच्या खालची पायरी आहे असं आम्ही मानत नाही. आमच्यातले काही जण कित्येक वर्षं फक्त चालतात आणि त्यांना वाटा आमच्यापेक्षा चांगल्या ठाऊक आहेत.

२. मी सगळ्यांत मागे पडेन. माझ्यामुळे बाकीचे खोळंबतील ना?

सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न हाच, आणि याच भीतीने पुष्कळ लोक घरी राहतात. म्हणून नीट सांगते.

दर रविवारी आमच्यातली एक व्यक्ती सगळ्यांच्या मागे चालते. तिला आम्ही राखणदार म्हणतो. गोव्यात गावाची राखण करणाऱ्या देवाला आपण याच नावाने हाक मारतो, आणि हे नाव आम्ही आदरानेच घेतलं आहे. राखणदार कुणाच्याही पुढे जात नाही. तुम्ही थांबलात तर तो थांबतो, तुम्ही बसलात तर तो बसतो. त्याच्या पिशवीत पाणी, पट्ट्या, साखर आणि शिट्टी असते. पुढचे लोक प्रत्येक फाट्यावर थांबतात आणि राखणदार दिसल्यावरच हलतात. त्यामुळे तुम्ही मागे पडलात म्हणून कुणाचा खोळंबा होत नाही. थांबणं आमच्या चालीतच धरलेलं आहे.

३. कुठे जमायचं, किती वाजता, किती वेळ लागतो?

एरवी फर्मागुडीला गोपाळ गणपतीच्या देवळाजवळ. वाट दूरची असेल तर जागा शुक्रवारी संध्याकाळी कळवतो.

वेळ सूर्यावर ठरते. आपल्याकडे जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि मेच्या अखेरीस सहाच्या सुमारास. म्हणून हिवाळ्यात आम्ही ६.४५ ला निघतो आणि उन्हाळ्यात ५.४५ ला. निघायच्या दहा मिनिटं आधी या. अंग मोकळं करणं आणि मोजणी त्याच वेळात होते. चालणारे दीड तासात परततात, धावणारे तास-सव्वा तासात. दूरच्या वाटेला अडीच तास धरा.

४. फी किती आहे?

काहीच नाही. पहिल्या दिवशी नाव, रक्तगट आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर लिहून द्यायचा, एवढंच. हा कागद राखणदाराकडे राहतो आणि दुसऱ्या कुणाला दिला जात नाही.

५. बूट कसले घेऊ? महागडे ट्रेल शूज लागतात का?

डांबरी रस्ता आणि खाजनाचे, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या शेतांचे, बांध यांना साधे धावायचे बूट पुरतात. अडचण सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, आणि घाट्यांवर येते. आपला जांभा दगड झिजला की त्याची गोटीसारखी बारीक खडी होते, आणि उतारावर ती पायाखालून सरकते. तिथे तळाला खोल खाचा असलेले बूट बरे. तेही तीन-चार महिने नियमित आल्यावर घ्या.

नवे बूट अर्धा आकार मोठे घ्या आणि संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हाचं माप खरं. पावसात भिजलेले बूट उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, चिकटवलेला तळ सुटतो. आतली गादी काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन-तीन तासांनी ते बदला. चप्पल किंवा सँडल घालून येणाऱ्याला आम्ही सपाट वाटेवर घेतो, घाटीवर नाही.

६. रिकाम्या पोटी यावं का? पाणी किती आणू?

तासाभराच्या चालीला एक केळं किंवा मूठभर भिजवलेले शेंगदाणे पुरेत, आणि सवय असेल तर रिकाम्या पोटीही चालतं. मधुमेह असलेल्यांनी मात्र प्रश्न १० पाहावा.

पाणी अर्धा लिटर, मार्च ते मे आणि ऑक्टोबरात एक लिटर. आपल्या हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. म्हणून पुण्याच्या थंडीत दहा किलोमीटर सहज धावणारा पाहुणा इथे एप्रिलमध्ये पाच किलोमीटरवर गळून जातो. तासाहून जास्त वेळ चालणार असाल तर पाण्यात लिंबू, मीठ आणि साखर घाला. नुसतं पाणी ढसाढसा पिऊ नका, रक्तातलं मीठ उतरतं आणि डोकं गरगरतं. डोकं दुखायला लागलं, अंगावर काटा आला किंवा बोलताना शब्द अडखळले, तर लगेच राखणदाराला सांगा आणि सावलीत बसा. ही उन्हाची पहिली खूण असते.

चाल संपल्यावर आम्ही पाव-भाजी खातो, म्हणजे आपली पातळ भाजी आणि पोदेराकडचे गरम पाव. त्यासाठी थांबलंच पाहिजे असं नाही, पण थांबलात तर ओळखी होतात.

७. तुम्ही कुठल्या वाटांवर जाता?

पाच-सहा वाटा फिरून फिरून येतात.

फर्मागुडीचं पठार सर्वांत सोपं, नवख्यांसाठी तेच. दुर्भाट-आडपईकडची वाट जुवारीच्या काठाने खाजनांच्या बांधांवरून जाते. ती माझी सगळ्यांत आवडती. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या हे मातीचे बांध राखले, आणि भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडायला मानशी, म्हणजे फळ्यांची दारं, बसवल्या. सकाळी लवकर गेलात तर मानशीपाशी जाळं लावलेलं दिसेल. तिथल्या मासळीच्या हक्काचा लिलाव झालेला असतो, म्हणून जाळ्याला आणि मानशीच्या फळ्यांना हात लावायचा नाही. बांधावर एकामागून एक चालायचं. कडेच्या मातीवर पाय दिला की ती ढासळते, आणि एका ठिकाणी भगदाड पडलं तर अख्ख्या शेतात खारं पाणी भरतं.

खांडेपारची वाट नदीच्या बाजूला जांभ्यात कोरलेल्या जुन्या गुंफांपर्यंत जाते. सावई-वेऱ्याकडे कुळागरांच्या, म्हणजे पोफळीच्या बागांच्या, कडेने जाणारी सावलीची वाट आहे, ती उन्हाळ्यासाठी राखून ठेवतो.

महिन्यातून एकदा दूर जातो. पणजी-रायबंदरचा जुना बांधरस्ता पोर्तुगिजांनी १६३० च्या दशकात बांधला. सुमारे तीन किलोमीटरचा, पूर्ण सपाट. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. गुडघे दुखणाऱ्यांना हीच वाट सुचवते, पण गाड्या असतात म्हणून उजेडाआधी धावत नाही. दिवाडीला जुन्या गोव्याहून फेरीबोटीने जातो, पायी जाणाऱ्याला तिकीट पडत नाही. बेट ओलांडून पलीकडच्या फेरीबोटीने नार्व्याला उतरलं की सप्तकोटेश्वराचं देऊळ येतं. हा देव मूळचा दिवाडीचा. पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर तो नदीपलीकडे आला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याचं देऊळ नव्याने बांधवून घेतलं. देव ज्या दिशेने गेला त्याच दिशेने आपण चालत जातो, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी फेरीबोटीत बराच वेळ गप्प उभी होते.

तांबडी सुर्ल्याच्या कदंबकालीन महादेव देवळाकडे हिवाळ्यात एकदा जातो. ते अभयारण्यात येतं, त्याबद्दल प्रश्न १५.

८. चालण्यावरून धावण्यावर कसं यायचं?

एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला. असं दहा वेळा केलं की अर्धा तास होतो. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस विश्रांती. दोन आठवड्यांनी दोन मिनिटं धावा, दोन चाला. वेग किती हवा? शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, किंवा आरतीचं एक कडवं न अडखळता म्हणता आलं पाहिजे. येत नसेल तर हळू व्हा. चढावर सगळेच चालतात, आमचे जुने धावणारेही. उतारावर पावलं लहान टाका आणि टाच आपटू नका, कारण गुडघ्यावर जास्त भार उतरताना येतो. घड्याळातले आकडे आम्ही एकमेकांना विचारत नाही.

९. मी एकटी बाई आहे, कुणाला ओळखत नाही. मुलांना किंवा सासू-सासऱ्यांना आणू का?

जरूर या. गटात बायका बऱ्याच आहेत, आणि दर रविवारी राखणदार किंवा पुढचा वाटाड्या यांपैकी एक बाई असेल हे आम्ही पाळतो. पहिल्या दिवशी काळोखात एकटीने जमायच्या जागी यायला नको वाटत असेल तर आदल्या दिवशी कळवा. तुमच्या बाजूने येणारी कुणीतरी सोबत करील. फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत आणि कुणाचा नंबर परस्पर घ्यायचा नाही. हे मोडणाऱ्याला आम्ही पुन्हा बोलावत नाही. यात दुसरी संधी नसते.

बारा वर्षांखालच्या मुलांबरोबर घरचं मोठं माणूस हवं. वडीलधाऱ्यांना सपाट वाटेवर आणा, काठी असेल तर आणखी चांगलं.

१०. मला मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आहे किंवा मी गरोदर आहे. येऊ का?

आधी डॉक्टरांना विचारा, मग या. हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय आम्ही घेत नाही. आग्रह करू नका. नाही म्हणताना आम्हालाही जड जातं.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर रिकाम्या पोटी येऊ नका. निघण्याआधी साखर तपासा, खिशात ग्लुकोज किंवा गूळ ठेवा आणि राखणदाराला आधीच सांगा. हात थरथरले, घाम सुटला, जीव घाबरा झाला तर त्याला तुमचं दुखणं ठाऊक असलेलं बरं. गरोदर बायकांसाठी बांधरस्ता किंवा पठार, तेही फक्त चालणं.

११. पावसाळ्यात बंद ठेवता का?

नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरात बसायचं ठरवलं तर गोव्यात वर्षाचा तिसरा हिस्सा गेला. उलट ऑगस्ट-सप्टेंबरात सडा पाहावा तर तेव्हाच. तेरडा, सीतेची आसवं, कीटक खाणारी इवलीशी दवबिंदू, सगळं चार बोटं मातीत फुललेलं असतं. ती माती पायाखाली गेली की पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही, म्हणून पायवाट सोडायची नाही.

पण पावसाचे नियम वेगळे आहेत आणि कडक आहेत. काही वर्षांपूर्वी जुलैत मी ओल्या कातळावर धावत होते. शेवाळावर पाय गेला, पडले आणि मनगट मोडलं. तेव्हापासून ओल्या जांभ्यावर आम्ही कुणीच धावत नाही, चालतो. व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी घोट्याच्या वर आणि गढूळ असेल तर ओलांडायचं नाही, मागे फिरायचं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर घाटात पाऊस पडत असतो, आणि पाणी पाहता पाहता वाढतं. पाण्याने भरलेल्या सोडलेल्या चिरेखाणींजवळ जायचं नाही. त्यांच्या कडा सरळ तासलेल्या असतात, पडलेल्याला धरायला काही सापडत नाही. हवामान खात्याचा लाल इशारा असेल तर चाल रद्द. मे आणि ऑक्टोबरात गडगडाट ऐकू आला तर सड्यावरून उतरायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही.

पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालू नका. लेप्टोस्पायरोसिस असाच होतो. पावसात चालून गेल्यावर पंधरवड्यात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगा.

१२. जळवा आणि गोचिडींचं काय करता?

जळू भीतीदायक दिसते, पण तिच्यापासून धोका जवळजवळ नाही. नखाने कडेने सरकवून काढा. जाळू नका, ओढू नका. रक्त थोडा वेळ वाहतं, दाबून धरा.

गोचीड मात्र गंभीर आहे. माकडताप, म्हणजे क्यासनूर वनज्वर, १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा सापडला आणि २०१५ मध्ये आपल्या सत्तरीत पोचला. तो गोचिडीच्या चाव्यातून येतो. डिसेंबर ते मे हे महिने धोक्याचे. या काळात सत्तरीच्या रानात आम्ही नेतच नाही. दुसरीकडे जाताना पूर्ण बाह्या, पायमोज्यांत खोचलेली विजार आणि कीटक दूर ठेवणारं मलम. घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि काखा, जांघा, कानामागे तपासा. गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीला टेकून धरा आणि सरळ वर काढा. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. आठवड्याभरात अचानक मोठा ताप, डोकेदुखी आणि अंग मोडून येणं सुरू झालं तर त्याच दिवशी इस्पितळात जा.

१३. साप किंवा गवा समोर आला तर?

साप दिसला की थांबा, त्याला वाट द्या, मागच्याला हात दाखवा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही आपल्याकडे आहेत. फुरसं सड्यावरच्या दगडांत दिसत नाही, म्हणून बसायच्या आधी दगड काठीने ठोका. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. माणसाला निजवा, चावलेला भाग हलू देऊ नका, अंगठी-बांगडी काढा आणि १०८ ला फोन करा. साप पकडायला किंवा मारायला कुणी जायचं नाही.

गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, आणि आता तो कुळागरांपर्यंत उतरतो. एकटा नर किंवा वासरू घेतलेली मादी असेल तर जास्त जपा. ओरडू नका, टॉर्च डोळ्यांवर मारू नका, पाठ न दाखवता हळूहळू मागे या. त्या दिवशीची चाल तिथेच संपते.

१४. गावातले कुत्रे अंगावर येतात. आणि माझा कुत्रा आणू का?

धावणारा माणूस कुत्र्याला पळणाऱ्या सावजासारखा वाटतो. वस्ती आली की सगळे चालतात, म्हणजे निम्मा प्रश्न मिटतो. चावला किंवा ओरखडला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. पाळीव असला तरीही.

तुमचा कुत्रा लस दिलेला आणि पट्ट्यात असेल तर फर्मागुडीला आणा. बांधावर, देवळाच्या वाटेवर आणि अभयारण्यात नाही.

१५. दूधसागरला किंवा अभयारण्यात कधी जाणार?

दूधसागरला रुळांवरून चालत आम्ही कधीच जाणार नाही. रुळांवर शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. हा प्रश्न दर जूनमध्ये येतो. उत्तर बदलणार नाही.

म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला ही सगळी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात आणि आत जायला वनखात्याची परवानगी लागते. पावसाळ्यात धबधब्यांकडे जायला वनखातं बंदी घालतं. ती आम्ही पाळतो, गावातला कुणी ओळखीचा सोडत असला तरीही. आत नुसतं चालायचं, धावायचं नाही. नेत्रावळीकडे फोनला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका, घरी आधीच सांगून या.

१६. वाट खाजगी कुळागरातून गेली तर? काजू, रातांबे, फुलं घेता येतात का?

विचारल्याशिवाय कुणाच्या कुळागरात पाऊल टाकायचं नाही. कालपर्यंत वाट खुली होती, आज आगळ लागली आहे, तर फिरून जायचं. काजूच्या हंगामात खाली पडलेलं बोंडही उचलायचं नाही. कुणीतरी पहाटेपासून ते वेचायला राबत असतं आणि त्यावर त्यांचं वर्ष चालतं. देवराईत बूट काढायचे, आवाज करायचा नाही आणि वाळलेली काटकीसुद्धा बाहेर आणायची नाही. भेटेल त्या गावकऱ्याशी आधी आपण बोलायचं. आमच्या निम्म्या वाटा अशा बोलण्यातूनच सापडल्या.

१७. मला मराठी येत नाही / मी आठवड्यापुरता पाहुणा आहे.

दोन्ही चालतं. गटात कोंकणी आणि मराठी एकाच वाक्यात ऐकू येतात. पाहुण्यांनी प्रश्न ४ मधला कागद भरायचा आणि पहिल्या दिवशी चालणाऱ्यांबरोबर राहायचं, घरी मॅरेथॉन धावत असले तरी. कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

१८. चवथीला, जत्रेला सुट्टी असते का?

चवथीच्या आठवड्यात असते. जत्रा असेल त्या गावची वाट आम्ही घेत नाही. शिगम्यात रात्रभर रोमटात नाचलेल्यांनी सकाळी झोपावं, झोप न झालेला पाय घाटीवर मुरगळतो. आदल्या रात्री दारू घेतली असेल तर त्या रविवारी येऊ नका.

१९. मध्येच परतायचं असेल किंवा वाट चुकलो तर?

परतायचं तर राखणदाराला सांगून परता, न सांगता कधीही नाही. शेवटी मोजणी जुळली नाही तर सगळे शोधायला मागे फिरतात. चुकलात तर चालत राहू नका. आहात तिथेच थांबा आणि शिट्टी तीनदा वाजवा. शेवटचा फाटा सोडून आम्ही कधीच लांब गेलेलो नसतो.

२०. मी वर्षभर येतेय. मला राखणदार व्हायचं आहे.

गेल्या महिन्यात हा प्रश्न जिने विचारला, तिनेच पहिल्या दिवशी प्रश्न २ विचारला होता.

ज्या वाटेवर राखणदार व्हायचं ती वाट तीनदा चाललेली असावी, त्यातली एकदा पावसात. प्रथमोपचाराचं शिक्षण आम्ही घडवून देतो. मग दोन रविवार जुन्या राखणदाराबरोबर मागे चालायचं. पिशवी शनिवारी रात्री तपासायची: दोन लिटर पाणी, क्रेप बँडेज, पट्ट्या, चिमटा, ग्लुकोज, शिट्टी, टॉर्च, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले नावांचे कागद. फोन पूर्ण चार्ज. आणि सकाळी सगळ्यांच्या आधी पोचायचं, कारण पहिल्यांदा आलेला माणूस बहुधा सगळ्यांत लवकर येतो आणि देवळाच्या कडेला एकटाच उभा असतो.